उपकाराची दुसरी बाजू : जैविक औषधांच्या अनपेक्षित परिणामांचा इतिहास



या स्मृतिव्याख्यानासाठी आपण मला पाचारण केलेत आणि विषयाची निवडही माझ्यावरच सोपवलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. बीदर जिल्ह्यातील शाळेत इतिहासाचे व्याख्यान म्हटले की बहामनी राजवट, महमूद गवानचा मदरसा किंवा हैदराबाद संस्थानाचे विलीनीकरण हे विषय साहजिकच डोळ्यांसमोर येतात. त्यांवर अधिकाराने बोलणारे विद्वान आपल्यात आहेत. मी आज ज्या इतिहासाकडे आपले लक्ष वेधणार आहे तो मात्र राजांचा नाही. तो औषधांचा आहे. मी इतिहासाचा विद्यार्थी आहे, वैद्यकाचा नव्हे. तथापि हा विषय केवळ वैद्यांवर सोपवून आपल्याला स्वस्थ बसता येईल, असे मला वाटत नाही. आमवात, सोरायसिस, आतड्यांचा जुनाट दाह, पाठीचा कणा ताठरणारा संधिवात अशा दीर्घकाळ चालणाऱ्या व्याधींवर आज नवी इंजेक्शने निघाली आहेत. रोगी ती हैदराबाद, सोलापूर, कलबुर्गी अशा शहरांतून घेतो आणि राहावयास आपल्या गावी परततो. औषध शहरात दिले जाते, पण त्याचा परिणाम दिसतो तो गावात. म्हणून त्या औषधाची कहाणी गावालाही ठाऊक असली पाहिजे.

प्रथम संज्ञेचा उलगडा करू. रसायनशाळेत द्रव्यांच्या संयोगातून जे औषध सिद्ध होते ते रासायनिक औषध. आणि जे सजीवाकडून, म्हणजे जंतूंकडून, प्राण्यांकडून वा प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींकडून करवून घेतले जाते ते जैविक औषध होय. ॲस्पिरिनच्या एका रेणूत अवघे २१ अणू असतात. आमवातावर दिल्या जाणाऱ्या प्रतिपिंडाच्या एका रेणूत ते सुमारे वीस हजार असतात. या अर्थाने पाहिले तर लस, सर्पदंशावरील प्रतिविष आणि इन्सुलिन हीदेखील जैविक औषधेच. ही नवी इंजेक्शने आकाशातून पडलेली नाहीत. सव्वाशेहून अधिक वर्षांच्या एका घराण्यातील ती धाकटी पाती आहे. या घराण्याने मानवजातीवर अपार उपकार केले, आणि प्रत्येक पिढीत काही अनपेक्षित अपकारही घडले. त्या अपकारांची कारणे तपासली असता ती मला तीन प्रकारची दिसतात : औषधात शिरलेली अशुद्धता, औषधाचे परकेपण, आणि तिसरे, सर्वांत चकवणारे कारण म्हणजे औषधाचे यश. या तीन कारणांच्या क्रमानेच आपण पुढे जाऊ.

पहिल्या कारणाची कथा मुंबईच्या परळ भागातून सुरू होते. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. आकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. त्याच वर्षी वाल्देमार हाफकिन हे शास्त्रज्ञ मुंबईत आले, आणि काही महिन्यांतच त्यांनी प्लेगवरील लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली आणि तेथून लशीच्या बाटल्या देशभर रवाना होऊ लागल्या. अशाच एका खेपेतील बाटल्या पंजाबातील मुलकोवाल या गावी पोहोचल्या. हे गाव आज पाकिस्तानात आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तेथे १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून ज्यांना लस मिळाली ते १९ जण धनुर्वाताने मरण पावले. इतर बाटल्यांतून टोचून घेतलेल्यांना काहीही झाले नाही.

चौकशी आयोगाने ठपका परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. पुढे वस्तुस्थिती उलगडली ती अशी : बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला होता. दोष परळच्या लशीत नव्हता; तो मुलकोवालच्या धुळीत होता. हाफकिन यांची बाजू हिरिरीने मांडणाऱ्यांत रोनाल्ड रॉस अग्रभागी होते. आपला बीदर जिल्हा १९५६ पर्यंत ज्या हैदराबाद राज्यात होता, त्याच निजामी मुलखातील सिकंदराबादेत १८९७ साली डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू शोधून काढणारे रॉस ते हेच. १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले, आणि १९२५ साली परळच्या त्या संस्थेला त्यांचेच नाव देण्यात आले. पाच वर्षे एका माणसाची अप्रतिष्ठा झाली, आणि एकोणीस घरे उजाड झाली. त्या घरांतील माणसांची नावे मात्र आज फारशी कोणी घेत नाही.

या प्रसंगाचा धडा उघड आहे. जैविक औषध उकळून निर्धोक करता येत नाही, कारण उकळल्याने त्यातील गुणच नष्ट होतो. म्हणून ते बनवण्यापासून टोचण्यापर्यंत प्रत्येक हात स्वच्छ असावा लागतो. आज या इंजेक्शनांना कारखान्यापासून रोग्याच्या दंडापर्यंत थंडाव्यात ठेवण्याची जी कडक शिस्त आहे ती याच स्वभावातून आली.

दुसरे कारण परकेपणाचे. १८९० साली बर्लिनमध्ये एमिल फॉन बेहरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवून दिले की, रोगविषाला तोंड दिलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवात त्या विषाचा प्रतिकार करणारे द्रव्य असते आणि ते दुसऱ्या जिवालाही वाचवू शकते. पुढे घोड्यांना घटसर्पाचे विष अल्पाल्प प्रमाणात टोचून त्यांचा रक्तद्रव घटसर्पाने घुसमटणाऱ्या मुलांना दिला जाऊ लागला. असंख्य लेकरे वाचली. परंतु काही मुलांना इंजेक्शनानंतर साधारण आठ-दहा दिवसांनी ताप येई, अंगावर गांधी उठत, सांधे सुजत. रोग तर बरा झाला. मग हा नवा आजार कोठून आला?

याचे उत्तर व्हिएन्नातील दोन बालरोगतज्ज्ञांनी, क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक यांनी, १९०५ साली दिले. हा आजार त्यांनी 'रक्तद्रवाचा आजार' म्हणून ओळखला. घोड्याचा रक्तद्रव औषध असला तरी मानवी शरीराच्या दृष्टीने तो परकाच. शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, आणि त्या झटापटीतून ताप व सूज उद्भवते. येथे वैद्यकाच्या इतिहासात बहुधा प्रथमच हे स्पष्ट झाले की शरीराचा प्रतिकार हाच आजाराचे कारण होऊ शकतो. 'ॲलर्जी' हा आज आपल्या घराघरांत रुळलेला शब्द पिर्के यांनीच १९०६ साली घडवला. पिर्के हे नाव श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्यांचे काम पुन्हा पडणार आहे.

घोड्याच्या रक्तद्रवाचा प्रत्यय आपल्या भागातील शेतकऱ्यांनाही आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या दंशावर दिले जाणारे प्रतिविष आजही घोड्यांपासूनच मिळते. ते जीव वाचवते, आणि काहींच्या अंगावर उलटतेही. म्हणूनच ते देताना जाणता डॉक्टर ॲड्रिनॅलिनची सुई हाताशी ठेवतो. उलटण्याच्या भीतीने प्रतिविष नाकारणे हा शहाणपणा नव्हे. उलटले तर काय करावयाचे याची सिद्धता ठेवणे हा शहाणपणा होय. हे सूत्र नव्या औषधांनाही तंतोतंत लागू पडते.

ही नवी औषधे आली ती अशी. १९७५ साली केंब्रिज येथे जॉर्जेस कोहलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी उंदराच्या पेशींकडून एकाच साच्याची प्रतिपिंडे हव्या तितक्या प्रमाणात करवून घेण्याची युक्ती शोधली. त्याच वर्षी अमेरिकेत एका द्रव्याला 'ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर' असे नाव मिळाले. त्याला आपण सोयीसाठी टीएनएफ म्हणू. गाठी मारणारे म्हणून ज्याचे नामकरण झाले ते हे द्रव्य वस्तुतः शरीरातील दाहाचा एक प्रमुख चेतवणारा आहे, हे पुढे लक्षात आले. आमवाताच्या रोग्यांच्या सुजलेल्या सांध्यांत त्याचा संचार असतो. लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात मार्क फेल्डमान आणि मूळचे लुधियान्याचे रविंदर मैनी यांनी १९९२ साली या टीएनएफला अडवणारे प्रतिपिंड आमवाताच्या वीस रोग्यांना दिले. वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्या रोग्यांचे सांधे मोकळे होऊ लागले. हेच औषध पुढे इन्फ्लिक्सिमॅब या नावाने १९९८ साली अमेरिकेत मान्य झाले. त्याच वर्षी एटानेरसेप्ट आले, आणि २००२ च्या अखेरीस अडॅलिमुमॅब.

इन्फ्लिक्सिमॅबचा सुमारे चौथा हिस्सा उंदराचा आणि उरलेला मानवी घडणीचा आहे. साहजिकच पिर्के यांनी वर्णिलेला परकेपणाचा प्रश्न येथेही उभा राहिला : काहींना औषध शिरेतून चढत असतानाच थंडी वाजे, तर काहींच्या शरीरात औषधाविरुद्धच प्रतिपिंडे तयार होऊन त्याचा गुण ओसरे. अडॅलिमुमॅब संपूर्ण मानवी घडणीचे असूनही हा प्रश्न पुरता मिटला नाही. परंतु हे सर्व अपेक्षित होते. अनपेक्षित ते पुढेच होते.

आता आपण तिसऱ्या कारणाकडे वळू. २००१ च्या ऑक्टोबरात एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात जोसेफ कीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. तोवर जगभरात सुमारे १ लाख ४७ हजार रोग्यांना इन्फ्लिक्सिमॅब मिळाले होते. त्यांच्यापैकी ७० जणांना ते घेतल्यानंतर क्षय झाल्याची नोंद लेखकांनी एकत्र केली होती. त्यांपैकी ४८ जणांना अवघ्या तीन वा त्याहून कमी मात्रांनंतरच क्षय झाला होता. ४० जणांचा क्षय फुप्फुसांच्या बाहेर होता, आणि १७ जणांच्या तो शरीरभर पसरला होता. बारा रोगी दगावले. त्यांपैकी किमान चौघांचा मृत्यू थेट क्षयाने झाला. येथे एका आकड्याकडे मी आपले विशेष लक्ष वेधतो : ७० पैकी ६४ रोगी अशा देशांतील होते की जेथे क्षय फारसा आढळत नाही. जेथे तो घरोघर दबा धरून बसला आहे तेथे काय होईल, हा प्रश्न त्या लेखाच्या वाचकाला पडल्यावाचून राहत नाही.

हे का घडले? क्षयाचे जंतू अनेकांच्या शरीरात शिरतात, पण बहुतेकांना रोग होत नाही. शरीराच्या पेशी जंतूंभोवती कोंडाळे करतात आणि त्यांना आत डांबून ठेवतात. बीदरच्या किल्ल्याचा तट पाहिलेल्यांना ही कल्पना पटकन यावी. फरक इतकाच की येथे शत्रू तटाबाहेर नसून आत कोंडलेला असतो. या तटाची डागडुजी अहोरात्र चालू ठेवणारा गवंडी म्हणजे टीएनएफ. सांध्यांतील आग विझवण्यासाठी औषधाने टीएनएफला अडवले. सांधा शांत झाला, पण दूर कोठेतरी तटाचे चिरे निखळले आणि कोंडलेला शत्रू बाहेर पडला. येथे औषधात अशुद्धता नव्हती, आणि केवळ परकेपणाचाही दोष नव्हता. औषधाने आपले नेमून दिलेले काम चोख केले. अपकार झाला तो त्या कामातूनच.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून अधिक बोचणारी गोष्ट आणखी एक आहे. १९८९ साली जिनिव्हा येथील संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवले होते की टीएनएफ अडवला असता क्षयवर्गीय जंतूंभोवतीची कोंडाळी विरघळतात. म्हणजे ज्याला आपण अनपेक्षित म्हणतो तो परिणाम बारा वर्षांपूर्वी ग्रंथालयात छापील स्वरूपात हजर होता. मग चाचण्यांत तो का दिसला नाही? कारण गणिताचे आहे. हजारांत एकाला होणारा अपाय निदान एकदा तरी दिसण्याची बऱ्यापैकी खात्री हवी असेल, तर सुमारे तीन हजार रोगी तपासावे लागतात. चाचण्यांत बहुधा काही शेकडाच रोगी असतात, आणि त्या बव्हंशी क्षय विरळ असलेल्या देशांत झाल्या होत्या. औषध बाजारात येते तेव्हा त्याचे गुण आपल्याला ठाऊक झालेले असतात. त्याचे विरळ अवगुण ठाऊक होण्यास तेव्हा केवळ प्रारंभ होतो.

अशी उदाहरणे पुढेही घडली. मेंदू व मज्जारज्जूच्या एका जुनाट व्याधीसाठी नॅटालिझुमॅब हे औषध २००४ च्या नोव्हेंबरात मान्य झाले आणि मेंदूला ग्रासणाऱ्या एका विरळ विषाणुरोगामुळे २००५ च्या फेब्रुवारीत ते मागे घ्यावे लागले. २००६ साली कडक अटींवर ते परतले. सोरायसिसवरील एफालिझुमॅब त्याच रोगामुळे २००९ साली बाजारातून कायमचे गेले. तिसरे उदाहरण सर्वांत विलक्षण आहे : टीएनएफ अडवणारी औषधे सोरायसिसवर गुणकारी आहेत, तरीही आमवातासाठी वा आतड्यांच्या दाहासाठी ती घेणाऱ्या काही रोग्यांच्या अंगावर आयुष्यात प्रथमच सोरायसिसचे चट्टे उठले. एक वाट अडवली की प्रवाह दुसऱ्या वाटेने उसळतो, असे याचे स्पष्टीकरण संशोधक देतात.

आता आपल्या घराकडे येऊ. हैदराबादच्या एका कंपनीने २००७ साली रिटुक्सिमॅबची, तर अहमदाबादच्या एका कंपनीने २०१४ च्या अखेरीस अडॅलिमुमॅबची समधर्मी आवृत्ती भारतात आणली. बंगळुरूच्या एका कंपनीच्या इटोलिझुमॅब या सोरायसिसवरील औषधाला २०१३ साली मान्यता मिळाली. हा आनंदाचा विषय आहे. औषध जितके स्वस्त तितके ते अधिक दूरवर पोहोचते. परंतु २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरील सुमारे ३१ टक्के भारतीयांच्या शरीरात क्षयाच्या जंतूंचा शिरकाव झाल्याचे आढळले आहे. म्हणजे या सभागृहातील साधारण तीन जणांमागे एकाच्या शरीरात तो तट उभा आहे, आणि गवंड्याला रजा देणारे औषध आता आपल्या दारी आले आहे.

यावर उपाय आहे, आणि त्याचा इतिहास या सगळ्या कहाणीतील सर्वांत नाट्यमय भाग आहे. १८९० साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयावर रामबाण म्हणून ट्युबरक्युलिन हे द्रव्य जाहीर केले. जगभरातून रोगी बर्लिनकडे धावले. अनेकांना त्याने भयंकर ताप आला, काही दगावले; आणि रुडॉल्फ फिर्खो यांनी शवविच्छेदनातून दाखवले की हे द्रव्य रोग बरा करीत नाही. कॉख यांची मोठी मानहानी झाली. परंतु त्या अपयशाचे निरीक्षण पिर्के यांनी वेगळ्या नजरेने केले. ज्याच्या शरीरात क्षयाचे जंतू आहेत त्याच्याच त्वचेवर ट्युबरक्युलिन उमटते, हे हेरून त्यांनी १९०७ साली त्वचेवरील चाचणी सिद्ध केली. पुढील वर्षी शार्ल मांतू यांनी तिला आज वापरात असलेले रूप दिले. औषध म्हणून जे फसले ते चाचणी म्हणून अमर झाले. एका जैविक औषधाचा हा दुष्परिणाम शतकानंतर दुसऱ्या जैविक औषधाच्या रोग्यांचे रक्षण करीत आहे.

टीएनएफ अडवणारे औषध सुरू करण्यापूर्वी छातीची क्ष-किरण तपासणी आणि मांतू अथवा रक्ताची चाचणी करावी, सुप्त क्षय आढळल्यास प्रथम त्यावर प्रतिबंधक उपचार द्यावेत, हा दंडक २००१ नंतर जगभर रूढ झाला. स्पेनमध्ये अशी शिस्त लावल्यावर या रोग्यांतील क्षयाचे प्रमाण पुष्कळ घटल्याचे तेथील नोंदींवरून दिसते. भारत सरकारच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांतही अशा रोग्यांना प्रतिबंधक उपचारांच्या यादीत स्थान दिलेले आहे. तथापि चाचणी ही काही ब्रह्मवाक्य नव्हे. स्टिरॉइड घेत असलेल्या रोग्याची मांतू चाचणी खोटा निर्वाळा देऊ शकते. शिवाय उपचारानंतर नव्याने संसर्ग होण्याची शक्यता आपल्या देशात राहतेच. म्हणून पहिल्या तपासणीनंतरही जागरूकता सोडता येत नाही.

येथेच गावाचे कर्तव्य सुरू होते. असे इंजेक्शन घेणाऱ्याला संध्याकाळचा ताप येऊ लागला, वजन उतरू लागले, मानेत गाठ आली, पोट फुगले वा पाठीचे दुखणे वाढले, तर खोकला नाही म्हणून क्षय नाही, असे समजू नये. ७० पैकी ४० जणांचा क्षय फुप्फुसांबाहेर होता, हे आपण आताच पाहिले. औषधाचे नाव लिहिलेला कागद रोग्याने सदैव जवळ बाळगावा आणि गावातील डॉक्टरांना तो आवर्जून दाखवावा. याउलट, आज मी सांगितले ते ऐकून कोणी आपले चालू औषध परस्पर बंद करू नये. ज्या औषधाने मुठी वळू लागल्या, चूल-शेती पुन्हा हाती आली, ते भयापोटी टाकणे हा दुसरा अपघात ठरेल. निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

आणि शेवटचे, जे माझ्या मते या व्याख्यानाचे सार आहे. मुलकोवालच्या पडलेल्या चिमट्याची साक्ष नोंदली गेली म्हणून एक लस वाचली. पिर्के आणि शिक यांनी मुलांच्या अंगावरील गांधींची नोंद ठेवली म्हणून एक नवे शास्त्र जन्मले. सत्तर रोग्यांची टिपणे एकत्र आली म्हणून पुढच्या असंख्य रोग्यांची आधी तपासणी होऊ लागली. त्या सत्तर जणांपैकी प्रत्येकाच्या बाबतीत कोणीतरी डॉक्टर थांबला, त्याला शंका आली आणि त्याने ती लिहून कळवली. आपल्या देशातही २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोगाकडे त्याची धुरा आहे. तेथे डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेता इतकेच नव्हे, तर रोगी स्वतःदेखील तक्रार नोंदवू शकतो. आपल्या सीमाभागात मराठी, कन्नड, उर्दू अशा तीन भाषा सुखाने नांदतात. दुःख कोणत्याही भाषेत सांगितले तरी चालेल, पण ते कागदावर आले पाहिजे.

शाळा आपल्याला लिहावयास शिकवते. नावे, तारखा, घडलेल्या गोष्टी जशा घडल्या तशा लिहिणे हेच इतिहासाचे पहिले काम, आणि हेच, आपण पाहिले, औषधांच्या सुरक्षिततेचेही पहिले काम आहे. ज्या गुरुजींनी येथील मुलांच्या हाती पाटी-पेन्सिल दिली, त्यांच्या स्मृतीला यापेक्षा उचित असे दुसरे वंदन मला सुचत नाही.